उशिरा बोलणारी मुले : आपले अनुभव लिहावेत

आमची मुलगी येत्या संक्रांतीला दोन वर्षांची होईल. ती अकराव्या महिन्यात चालू लागली, हवी ती वस्तू बोटाने दाखवते, "चेंडू आण" म्हटले की पलंगाखालून शोधून आणते. परंतु "आई", "बाबा" आणि कुत्र्यासाठी "भू" यांपलीकडे शब्द नाही. घरातली वडीलधारी माणसे थांबायला सांगतात, पण माझे मन मानत नाही. आपण काय पाहिले आणि तपासणी केव्हा केली, ते कृपया सविस्तर लिहावे.
– एक आई, जुळे सोलापूर

आमच्या घरी आजी-आजोबा तेलुगू बोलतात, माझी पत्नी मराठी आणि शेजारी कन्नड. मुलगा दीड वर्षाचा होऊनही बोलेना, तेव्हा भाषांच्या गर्दीमुळे तो गोंधळला आहे असे सर्वांनी ठरवले आणि आईला नातवाशी मराठीतच बोलायला लावले. तिला ते जमेना, म्हणून ती त्याच्याशी बोलायचीच कमी झाली. ही चूक मला आजही बोचते. पुढे स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितले की अनेक भाषा कानावर पडल्याने बोलणे खुंटत नाही, मात्र शब्द मोजताना सगळ्या भाषांमधले एकत्र धरावेत. आजीजवळचे "नीळ्ळु" आणि आईजवळचे "पाणी" असे दोन्ही धरल्यावर चोवीस शब्द भरले. दोन वर्षांच्या सुमारास पन्नासएक शब्द आणि "दूध दे" अशी दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते, म्हणून थेरपी सुरू ठेवली, पण आजीला तिची भाषा परत मिळाली.
– एक वडील, अशोक चौक

माझा अनुभव वेगळा आहे आणि तो लिहिताना अजूनही हात थबकतो. आमच्या घरी खाली यंत्रमाग आणि वर राहणे. बाळ इतक्या खडखडाटात शांत झोपते, याचे आम्हाला कौतुक वाटे. सहाव्या-सातव्या महिन्यात त्याने "बाबाबा" असे बोबडे आवाज काढले आणि हळूहळू ते थांबले. वीज गेली की तो भिंतीला तळहात लावून बसे आणि माग पुन्हा सुरू झाले की हसे. मला वाटे, त्याला आवाज आवडतो. खरे तर ती थरथर त्याच्या हाताला कळत होती. एकदा पाठीमागे स्टीलचे ताट पडले, मी दचकले, तो खेळतच राहिला. एका डॉक्टरांनी "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून परत पाठवले होते आणि त्यात आमचे आठ महिने गेले. अखेर बेरा तपासणी झाली : झोपलेल्या बाळाच्या कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवून आवाजाला मेंदूचा प्रतिसाद येतो का, ते पाहतात. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होते. कानयंत्र लावल्यावर दुसऱ्या दिवशी नळाच्या धारेकडे तो मान वळवून कितीतरी वेळ पाहत राहिला. टाळी वाजवून घरी केलेल्या परीक्षेवर कृपया विसंबू नका. मूल हालचाल पाहूनही वळते.
– एक आई, अक्कलकोट रस्ता

जिभेला वेखंड चोळण्याचा सल्ला आम्हालाही मिळाला होता. त्याने बोलणे येत नाही आणि तान्ह्या बाळाला अपाय होऊ शकतो, म्हणून तो टाळावा.
– एक आजी, शेळगी

अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. 2013 साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात ऐकणे, बोलणे आणि वाढीतला विलंब यांची तपासणी मोफत होते. मात्र ज्या मुलाचे येत असलेले शब्द गेले, जे वर्ष-सव्वा वर्षाचे होऊनही बोट दाखवत नाही किंवा हाकेला वळत नाही, त्याच्या आईला मी पथकाची वाट पाहू देत नाही. आपली मुलगी बोट दाखवते आणि सांगितलेले समजते, ही चांगली खूण आहे; तरीही कानांची तपासणी आधी करून घ्यावी.
– एक अंगणवाडी सेविका, विडी घरकुल

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री कॅलेंडरच्या मागे तिचे शब्द लिहून काढले. चिमणीला ती "चिऊ" म्हणते, हे माझ्या नव्हे, तिच्या आजोबांच्या लक्षात आले. शनिवारी सकाळी कानांच्या तपासणीची वेळ घेतली आहे.
– एक आई, जुळे सोलापूर