मदत हवी आहे: विश्वामित्री नदीची मगर वर्गात आणली, पण...

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात सहावीला विज्ञान शिकवते. अन्नसाखळीसाठी फळ्यावर गवत, हरीण, वाघ काढले, तर पोरं जांभया देत होती. मग विचारलं, आपल्या विश्वामित्रीतली मगर काय खाते? वर्ग नुसता उसळला! मासे, बेडूक, बगळे, सगळं पोरांनीच सांगितलं. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी वस्तीत शिरल्या होत्या, तेही निघालं. एक मुलगी मात्र गप्प झाली. तिचं घर नदीकाठी, पुरात सामान वाहून गेलेलं.

तेव्हापासून मनाला खातंय. मुलांचं जगणं धड्यात यायलाच हवं, पण जखमेवरची खपली न काढता. तुम्ही कसं सांभाळता? आधी पालकांशी बोलता का? सोमवारी हाच धडा पुढे न्यायचाय.