मदत हवी आहे : हेपाआरजी स्फेरॉइड्समध्ये डीएमएसओ ठेवायचं की उतरवायचं?

मंडळी, रबाळे एमआयडीसीतल्या छोट्या लॅबमध्ये औषधं यकृताला कितपत विषारी ठरतात ते तपासतो. आधी हेपजी२ या यकृताच्या कर्करोगातून आलेल्या पेशींचे स्फेरॉइड्स (गोल गोळे) केले, पेशी न चिकटणाऱ्या ९६ वेलच्या यू-बॉटम प्लेटमध्ये. गोळे झाले सुरेख, पण पॅरासिटामॉलला ढिम्म. तसं अपेक्षितच होतं. त्यापासून विषारी एनएपीक्यूआय हा पदार्थ बनवणारी सीवायपी एन्झाइम्स (यकृतात औषधांवर प्रक्रिया करणारी) या पेशींत फारच कमी. गोळे मोठे केले तर आत ऑक्सिजन पोचत नाही, गाभा काळवंडून मरतो.

म्हणून आता हेपाआरजी, म्हणजे ही एन्झाइम्स जास्त असलेल्या यकृताच्या पेशी. (प्रायमरी हेपॅटोसाइट्स, म्हणजे दात्याच्या यकृतातून थेट काढलेल्या पेशी, सुचवू नका प्लीज. दाता बदलला की आकडे बदलतात, आणि एकाच दात्याच्या पेशी साठवून ठेवण्याइतकं बजेट नाही.)

घोडं अडलंय ते इथे: पेशी यकृतासारख्या राहाव्यात म्हणून माध्यमात घातलेलं २ टक्के डीएमएसओ (एक द्रावक) काढलं की सीवायपी३ए४ हे एन्झाइम घसरतं. ठेवलं तर तेच एनएपीक्यूआय बनवणाऱ्या सीवायपी२ई१ला अडवून पेशींना पॅरासिटामॉलपासून वाचवतं. इकडे आड, तिकडे विहीर! डोस १४ दिवस पुन्हा पुन्हा द्यायचाय. मोजतो एटीपी (पेशी किती जिवंत ते) आणि अल्ब्युमिन (यकृताचं काम चालू आहे का ते).

तुम्ही डीएमएसओ किती टक्क्यांवर आणता, डोसच्या किती दिवस आधी? की पॅरासिटामॉल सोडून दुसरा पॉझिटिव्ह कंट्रोल (यकृताला विषारी म्हणून आधीच माहीत असलेलं औषध) घेऊ?