पेरोव्स्काइटचे दाणे सुधारले, बरं, मग आमच्या पावसाचं काय?

कातळावरचा:
काल इथे एकाने पोस्ट टाकली की पेरोव्स्काइटच्या (सोलर सेलसाठीचा नवा पदार्थ) फिल्ममधले, म्हणजे पातळ थरातले, क्रिस्टल (दाणे) आता मोठे आणि सलग होतायत, कार्यक्षमता, म्हणजे उन्हातली किती टक्के वीज होते ती, कुठच्या कुठे गेली, सिलिकॉन विसरा, कोकणात कौलांवर कागदासारखं सोलर चिकटवा. खाली अंगठेच अंगठे. डोकं सणकलं म्हणून लांबण लावतोय. २००९ ला जपानात मियासाकांच्या ग्रुपने सुरू केलं तेव्हा ३.८ टक्के होते, आज २६ च्या वर गेलेत, कबूल, सिलिकॉनला तेवढं चढायला कित्येक दशकं लागली. पण हे आकडे लॅबमधल्या नखाएवढ्या सेलचे. आमच्याकडे जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते. जो पदार्थ ओलीने काळ्याचा पिवळा पडतो आणि पिवळा पडला की कामातून जातो, तो रत्नागिरीत कौलावर किती टिकणार हे कोणी विचारेल का?

बॅकबेंचर दापोली:
विचारलंय, त्यावरच तर सगळं काम चाललंय, तुम्ही टक्केवारीच्या पुढे वाचलंच नाहीत. फिल्म असते साधारण अर्ध्या मायक्रोनची. दाण्यांच्या सीमा जितक्या जास्त तितक्या इलेक्ट्रॉन अडकून वाया जायच्या जागा जास्त, आणि ओल आत शिरते ती त्याच सीमांवरून, आयन, म्हणजे भारित कण, सरकतात तेही तिथूनच. म्हणजे दाणे सुधारले की व्होल्टेजही वाढतं आणि टिकाऊपणाही. दुखणं एकच आहे.

मिठागरवाला शिरोडा:
मग सोपं आहे की, आमच्याकडे पाणी सावकाश आटलं तर खडा जाड येतो. फिल्म सावकाश वाळवा, झालं.

बॅकबेंचर दापोली:
नाही हो काका, तसं केलं तर दाणे मोठे येतील पण मधे थराखालची उघडी काच दिसेल आणि सेल शॉर्ट होईल. म्हणून उलट करतात, काच गरागरा फिरत असताना वरून क्लोरोबेन्झीनसारखं काहीतरी टाकतात, एकदम दाण्यांची असंख्य बीजं पडतात, थर सलग बसतो, आणि मग शंभर-दीडशे डिग्रीला तापवून दाणे वाढवतात. ह्यात काही सेकंद इकडेतिकडे झाले की फिल्म गेली.

गणपतीपुरता:
अरे इथे कोणी पॅनल लावलंय का स्वतः? मी लावलंय, साधं सिलिकॉनचं, गावच्या घरावर ३ किलोवॅट, ७८ हजार सबसिडीही आली. पॅनलला काही झालं नाही. खाऱ्या वाऱ्याने स्टँडचे नटबोल्ट खाल्ले, आणि ज्याने बसवून दिलं तो आता फोन उचलत नाही. दाणे कसले मोजताय!

वेंगुर्ल्याचो झिल:
पॅनल लावतत चाकरमानी आणि पुसूक आम्ही. वर माकडा नाचतत, कावळे हागतत, आणि हे मुंबयसून मोबाईलवर युनिट बघून फोन करतत, 'आज कमी कशी झाली रे?' तुमचा ता पेरोव्स्काइट येवंदे, ता पण आमकाच पुसूचा लागतला.

गणपतीपुरता:
तुझ्या पंपाची वायर माझ्याच घरातून जाते ते लिहायचं राहिलं वाटतं.

वेंगुर्ल्याचो झिल:
ती वायर तुझ्या आवशीन दिल्यान. तुका इचारूक होया? वर्षातून धा दिवस येतस, वीज कोणासाठी करतस, उंदरांसाठी?

गणपतीपुरता:
घरपट्टी कोण भरतं? छप्पर कोण शाकारतं? आम्ही पैसे पाठवतो म्हणून घरं उभी आहेत, नाहीतर झाडं उगवली असती भिंतीतून.

वेंगुर्ल्याचो झिल:
उगवलीच हत. मागच्या पडवीत जाऊन बघ एकदा, गेलंस तर.

मिठागरवाला शिरोडा:
अरे भावकी घरी मिटवा रे.

कातळावरचा:
ह्यांचं चालू दे. ह्या पेरोव्स्काइटमध्ये शिसं असतं, त्याचं कोणीच बोललं नाही. ते ओलीने बिघडलं की उरणारं लेड आयोडाइड (शिशाचं संयुग) थोडंफार पाण्यात विरघळतं. २०२० ला निसर्ग आलं, २०२१ ला तौक्ते, पत्रे उडाले, माड पडले. काच फुटली तर सगळं जांभ्यातून झिरपून विहिरीत.

बॅकबेंचर दापोली:
चौरस मीटरला शिसं साधारण ग्रॅमभर, तेही नाही. घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत किलोंनी असतं, ती रद्दीवाल्याला देताना विहीर आठवते का? आणि ८५ डिग्री, ८५ टक्के दमटपणा, १००० तास अशी ओलीची टेस्ट असते पॅनलला. ती पास होणारे नमुने निघालेत.

कातळावरचा:
१००० तास म्हणजे जेमतेम ४२ दिवस. आमचा पावसाळा चार महिने.

बॅकबेंचर दापोली:
तुमच्या अंगणात ८५ डिग्री असतं का? जास्त तापवून लवकर म्हातारं करतात, म्हणून तर ती टेस्ट. पण 'सिलिकॉन विसरा' हे त्या पोस्टवाल्याचं वाक्य बावळटपणाचं आहे, तेवढं तुम्हाला दिलं. २०२४ चा ३४.६ टक्क्यांचा चिनी विक्रम सिलिकॉनच्याच डोक्यावर पेरोव्स्काइट बसवून झाला.

कातळावरचा:
उपकार झाले. मग माझंही घ्या, चांगल्या दाण्यांनी ओल अडते, ठीक. पण कडेचं सील गेलं की दाणे काय छत्री धरणार? पाच पावसाळे किनाऱ्यावर काढलेलं पॅनल दाखवा, मग बोलू.

गणपतीपुरता:
बोल्टचं कोणी सांगणार का?

वेंगुर्ल्याचो झिल:
स्टेनलेस ३१६ घे, ३०४ खाऱ्या वाऱ्यात डागाळता. कुडाळाक मिळतत. पैसे आधी पाठव.