गावची जमीन बाहेर जाऊ नये म्हणून काय करता येईल?

सडेकर
मे महिन्यात गावी गेलो तर सड्यावर निळा बोर्ड: 'जमीन विकणे आहे. सी व्ह्यू. क्लिअर टायटल.' आमच्या सातबारावर ३४ नावं, त्यातली ११ माणसं केव्हाच वारली, आणि म्हणे क्लिअर टायटल! पलीकडचा चुलत्यांचा हिस्सा गेल्या वर्षी विकला गेला. घेणाऱ्यानं आधी जेसीबी आणून गडगा, म्हणजे दगडी कुंपण, पाडलं. पणजोबांनी रचलेलं, बिनमातीचं. त्याच्या कडेनं गुरांची वाट होती, ती आता लोखंडी गेटच्या आत आहे.

कुळकायद्याचं कलम ६३ सांगतं की शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. पण पार्टीकडे कुठला ना कुठला शेतकरी दाखला निघतोच. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं २०१३ साली ग्रामदान केलं. महाराष्ट्राचा ग्रामदान कायदा १९६४ पासून आहे. मालकी ग्रामसभेची, पण जो कसतो तोच कसणार, त्याच्यामागे मुलं कसणार. बाहेरच्याला मात्र विकता येत नाही. हे कोकणात का नको?

गुंठेवारी
मेंढ्याचं नाव घेतलं की सगळ्यांनाच भरून येतं. तिथं एकमत होईपर्यंत ग्रामसभा निर्णयच घेत नाही. देवाजी तोफांसारखा सगळ्यांना धरून चालणारा पुढारी गावात आहे. सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क आधीच मिळालेला होता, बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येत होता. आमच्या गावात पालखी आधी कुणाच्या दारात थांबणार यावरून कोर्टात केस चालू आहे.

आणि एक स्पष्ट बोलतो. आईच्या बायपासला मी ४० गुंठे विकले. तेव्हा कुठली ग्रामसभा पैसे घेऊन आली नव्हती. ठाण्यात फ्लॅट घेऊन बसलेल्यांना गाव हिरवं हवं असतं, मे महिन्याच्या फोटोंसाठी. इथं राहणाऱ्याला जमीन म्हणजे अडीअडचणीचं सोनं असतं. ते मोडायचा हक्क काढून घेणारे तुम्ही कोण?

सडेकर
ठाणे नाही, डोंबिवली. बाकी आईचं वाचून वाईट वाटलं, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

परदेशस्थ मावशी
उत्तर आहे. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळ राहते. पूल ओलांडला की मरीन काउंटी, तिथं गुरांची कुरणं आणि दुधाचे गोठे. १९८० साली दोघीजणींनी तिथं शेतजमिनीसाठी ट्रस्ट काढला. फिलिस फेबर वनस्पतिशास्त्राच्या, एलन स्ट्राउस गोठेवाल्यांच्या घरातल्या. ट्रस्ट जमीन घेत नाही, फक्त तिच्यावर बंगले उठवायचा हक्क विकत घेतो. समजा शेत म्हणून जमिनीला दहा रुपये येतात आणि प्लॉट म्हणून पंचवीस, तर मधले पंधरा शेतकऱ्याच्या हातात पडतात. जमीन त्याचीच राहते. उद्या विकली तरी ती अट नव्या मालकाच्या मागं लागते. म्हणजे गुंठेवारींना ऑपरेशनला पैसेही मिळाले असते आणि जमीनही राहिली असती.

हिशेबनीस
मावशी, ते मधले पंधरा कोण देणार? तिकडे असा हक्क दान केला तर आयकरात सवलत मिळते, शिवाय देणगीदार तालेवार. इथं वाडीच्या वर्गणीतून सभामंडपाचे पत्रे होतात, तेवढीच आपली झेप.

कायदाही आड येतो. १८८२ चा सुविधाधिकार कायदा घ्या. तुमच्या जमिनीचा उपभोग नीट घेता यावा म्हणून शेजारच्या जमिनीवर मिळणारा हक्क, एवढीच त्याची कल्पना. बांधाला बांध नसलेल्या ट्रस्टनं तो कशाच्या जोरावर धरायचा? 'कधीच विकायची नाही' अशी अट घालून जमीन दिली, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १० खाली ती अटच रद्दबातल. ट्रस्टच्याच नावे जमीन केली तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही, हे खरं. पण मुळात ट्रस्ट शेतकरी नाही, त्यामुळे जमीन घेतानाच कलम ६३ पुढ्यात उभं. बिल्डरला दाखला मिळतो, ट्रस्टला मिळणार नाही, ही आपली गंमत.

कलमवाला
मला फवारणीला पीककर्ज लागतं. ग्रामसभेच्या नावाची जमीन बँकेकडे कशी तारण ठेवू ते आधी सांगा. आणि ग्रामदान म्हणजे कायमचं कवच समजू नका. आसामनं २०२२ मध्ये तो कायदाच मोडीत काढला.

सडेकर
मग देवरहाटी, देवाच्या नावानं राखलेलं रान, कशी टिकली? तिथं ना ट्रस्ट, ना खरेदीखत. वाळकी काटकी उचलायची तरी आधी देवाला गाऱ्हाणं घालायचं. कोयता लावायची छाती कुणाची झाली नाही.

गुंठेवारी
टिकली? आमच्या देवरहाटीत या आणि बघा. देवळाला स्लॅब पडला, पुढे पेव्हर ब्लॉक, त्यापायी ऐन आणि किंजळ मिळून नऊ झाडं गेली. देवाला कौल लावला होता, देवानं होकार दिला म्हणे.

हिशेबनीस
सडेकर, ग्रामदान राहू द्या, घरापासून सुरू करा. हिंदू वारसा कायद्याचं कलम २२ वाचा. बाप वारल्यावर मुलाबाळांपैकी एकानं आपला हिस्सा विकायला काढला, तर बाकीच्या वारसांचा तो घ्यायचा हक्क पहिला. शेतजमिनीलाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं. फक्त वर्ग एकच्या वारसांना, म्हणजे सख्ख्यांपुरतं. चुलत भावकीसाठी आपसात लिहून घ्यावं लागेल: आधी घरात विचारायचं, तीन महिने थांबायचं, मग बाहेर.

सडेकर
हे जमेल असं वाटतं. गणपतीत वीसेक जण तरी येतात. आरतीनंतर विषय काढतो, पत्ते पिसायच्या आत.

गुंठेवारी
काढा. पण भाव बाजाराचा द्यायचा हां. 'घरातलाच आहेस' म्हणून निम्म्यात मागाल, तर तो निळा बोर्ड मीच लावून देईन त्याला.