कॉम्प्युटर असताना थंड अणू काहून?

भाऊ, तुम्ही वर विचारलं का सुपरकॉम्प्युटर असताना धातूतले इलेक्ट्रॉन समजाले अणू थंड करत काहून बसायचं. आता पाहा, ३०० कण घ्या, एकेकाच्या दोनच अवस्था धरा, तरी हिशोबात सांभाळायचे आकडे २ चा ३०० वा घात इतके, दिसणाऱ्या विश्वात तेवढे अणूसुद्धा नाहीत, मेमरी आणाल कुठून?

म्हणून हिशोब करण्याऐवजी इलेक्ट्रॉनच्या जागी थंड अणू घेऊन त्यांची नक्कलच करतात: लेझर समोरासमोर सोडून उजेडाचे खळगे पाडतात अन् खळग्यात अणू बसवतात, आपण चौफुलीवर सरकी टोबतो ना, तसंच. फरक एवढाच का दोन खळग्यांतलं अंतर साधारण अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे खऱ्या स्फटिकातल्या दोन अणूंमधल्या अंतराच्या हजारपटीच्या वर, त्यामुळे अणूची उडी मिलिसेकंदात होते अन् ती पाहता येते. २००२ मध्ये म्युनिकला रुबिडियम धातूच्या अणूंवर हे करून दाखवलं, लेझर वाढवला तसे मोकळे फिरणारे अणू जागीच अडकले, कमी केला का परत मोकळे! माझ्या मते सगळ्यात भारी प्रयोग हाच.

पण तो रुबिडियम बोसॉन हाय बरं (म्हणजे एकाच अवस्थेत कितीही मावणारा कण), इलेक्ट्रॉनची नक्कल करायची तर लिथियम-६ सारखा फर्मिऑन (एका अवस्थेत एकच मावणारा, इलेक्ट्रॉनसारखा) लागते. आयनचं (चार्ज असलेल्या अणूंचं) वेगळं, ते विजेच्या सापळ्यात धरले का चार्जमुळे एकमेकाले ढकलून आपोआपच रांगेत बसतात, चुंबकाचे मॉडेल त्यांच्यावर करतात.