मदत हवी आहे : बोअरच्या पाण्यात कपडे कडक होतात, सॉफ्टनर (पाणी मऊ करणारं यंत्र) घ्यावा का?

पाथर्डीफाटा_तिसरामजला : नाशिक, बोअरचं पाणी. तपासणीत जडता 480, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) 820, दोन्ही लिटरमागे मिलीग्रॅममध्ये, लोह नगण्य. टॉवेल पापडासारखे, काळ्या कपड्यांवर पांढरे डाग, पुसलेल्या फरशीवर वाळल्यावर पट्टे. पावडर दुप्पट टाकूनही तेच. धुणं, अंघोळ, फरशी मिळून रोज 400 लिटर लागतं. तुरटी फिरवली तर चालेल का? की मोठा आरओ?

जडपाणी : तुरटीने गाळ बसतो, जडता जात नाही. आरओ धुण्यासाठी नकोच, बरंचसं पाणी मोरीत जातं.

आपल्याकडच्या काळ्या बेसाल्टमधून झिरपताना पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम उतरतं, हीच जडता. साबणाच्या वडीचा त्यामुळे चिकट साका होतो. पावडरीतला सोडा क्षारांवरच खर्ची पडतो आणि तयार झालेला चुना धाग्यात बसतो. म्हणून दुप्पट पावडर म्हणजे बहुतेक वेळा जास्त पांढरेपणाच!

सॉफ्टनर घ्या. त्यातलं 25 लिटर रेझिन (क्षार धरणारे बारीक दाणे) साधारण 1250 ग्रॅम जडता धरतं, म्हणजे तुमचं 2600 लिटर पाणी, सहा दिवस. मग रेझिन पुन्हा ताजं करायला मीठ द्यायचं : आधी दहा मिनिटं उलटा प्रवाह (हा टाळला की रेझिन दबतं, पाणी एकाच वाटेने पळतं), नंतर 4 किलो जाडं मीठ 40 लिटर पाण्यात विरघळवून, गाळून, अर्धा तास सावकाश सोडायचं. शेवटी खारटपणा जाईपर्यंत धुवायचं. इथे घाई केली तर कपड्यांत मीठ राहतं.

पाथर्डीफाटा_तिसरामजला : मग टीडीएस मीटरवर आकडा उतरेल ना?

जडपाणी : नाही. कॅल्शियम जाऊन सोडियम येतं, टीडीएस जवळपास तेवढाच. विक्रेता मीटर दाखवून जडता सांगत असेल तर दुसरीकडे जा. बाटलीत पाणी घ्या, अंघोळीच्या साध्या साबणाचा कीस टाका, हलवा. फेस टिकला तर पाणी मऊ. पावडरीने ही चाचणी करू नका, ती जड पाण्यातही फेसाळते.

तुमच्या आकड्याला लिटरमागे सुमारे 220 मिलीग्रॅम सोडियम वाढेल, म्हणून स्वयंपाक, पिणं आणि कुंड्यांची लाइन वेगळी ठेवा. पावडर निम्म्यावर आणा, नाहीतर मशीन फेसाने भरेल. जुने टॉवेल पहिल्या धुण्यात मऊ होणार नाहीत, आत बसलेला चुना निघायला चार-पाच धुणी लागतात.

मोरीवाली : भाड्याच्या घरात एवढं कोण बसवणार? 15 लिटरच्या बादलीत 8 ग्रॅम धुण्याचा कोरडा सोडा (ओलसर खडे असतील तर 20 ग्रॅम) टाका, दहा मिनिटं थांबा, गाळ बसला की वरचं पाणी ओतून घ्या, मगच साबण. साबण आधी टाकला तर सोडा वाया.

पाथर्डीफाटा_तिसरामजला : पैठणीलाही चालेल?

मोरीवाली : अजिबात नाही. रेशीम आणि लोकर सोड्याने खराब होतात. येवल्याची साडी ड्रायक्लीनलाच द्या.