मदत हवी आहे: स्नोमोबाइलच्या वाटेवरच्या पाट्या आणि हातवारे

नमस्कार मंडळी,

मिनिआपोलिसला येऊन तीन हिवाळे झाले. फेब्रुवारीत ऑफिसचे सहा जण डुलुथ शहराच्या उत्तरेला दोन दिवस स्नोमोबाइल (बर्फावर धावणारी मोटरगाडी) चालवायला निघालेत, मीही हो म्हणून बसलोय. (बायकोला फक्त "बर्फ बघायला" एवढंच सांगितलंय.) पुण्यात पंधरा वर्षं स्कूटर चालवली, पण ती विद्या इथे कामाची नाही हे गेल्या वर्षी कळलं.

तेव्हा गाइडबरोबर तासाभराची चक्कर मारली होती. समोरून चार स्लेड (म्हणजे स्नोमोबाइलच) आल्या. पहिल्या तिघांनी अंगठा खांद्यावरून मागे दाखवला, शेवटच्याने हात कोपरात वाकवून मूठ वर केली. मला वाटलं गडी 'जय महाराष्ट्र' करतोय, मीही जोशात मूठ उगारली. माझ्या मागे आमचे अजून दोघे होते. तो माणूस निवांत वाटेच्या मध्ये आला आणि वळणावर आमच्या मागच्याला घासता घासता वाचला. गाइडने नंतर झापलं, पण हेल्मेटच्या आतून निम्मं ऐकूच आलं नाही.

तर हे हातवारे नक्की काय असतात? झाडांवर केशरी चौकोन दिसतात त्यांचा अर्थ काय? शिवाय ग्रुपमधला एक जण वाट सोडून तळ्यावरून शॉर्टकट मारू म्हणतोय. मारावा का?

हिमगंगा:
तुमच्या मुठीचा अर्थ "मी शेवटचा, मागे कुणी नाही" असा होतो! अंगठा मागे म्हणजे "अजून येतायत". हात सरळ डोक्यावर म्हणजे थांबतोय. डावा हात आडवा म्हणजे डावीकडे, कोपरात वाकवून तळहात वर म्हणजे उजवीकडे. सगळं डाव्याच हाताने, कारण उजव्या अंगठ्याखाली थ्रॉटल (वेग वाढवायचा खटका) असतो. मात्र ब्रेक डावीकडे असतो, म्हणून खुणा करण्याआधी वेग कमी करा. वळणावर खुणा करत बसू नका, उजवी कड धरा.

केशरी चौकोन (टोकावर उभा केलेला) म्हणजे तुम्ही वाटेवरच आहात. बराच वेळ दिसला नाही तर थांबा. कधी बर्फाने झाकलेला असतो, कधी आपणच चुकलेलो असतो. पिवळी पाटी धोक्याची. लाल अष्टकोन दिसला की पूर्ण थांबायचं, पुढे बहुधा मोटारींचा रस्ता असतो. बऱ्याच वाटा क्लबचे स्वयंसेवक राखतात आणि त्या खासगी जमिनींतून जातात, म्हणून बाहेर भरकटू नका. वेगमर्यादा ताशी 50 मैल, पण रात्री तेवढं पळवणं म्हणजे हेडलाइटच्या पुढे धावणं.

मिनेसोटाचे रहिवासी असाल आणि जन्म 31 डिसेंबर 1976 नंतरचा असेल तर सेफ्टी सर्टिफिकेट लागतं. कोर्स ऑनलाइन होतो, आजच उरका.

गारठलेला_कोल्हापूरकर:
तळ्याचं मी सांगतो. स्नोमोबाइलला किमान 5 ते 7 इंच नवा, स्वच्छ, काचेसारखा बर्फ हवा. पांढरा दुधाळ असेल तर दुप्पट धरा. आणि एका ठिकाणी सात इंच म्हणून पलीकडेही सात असं नसतं. ओढा मिळतो तिथे, पुलाखाली, तळ्याच्या अरुंद गळ्यापाशी खालून पाणी वाहतं. वर ताजा हिम पडला तर तो गोधडीसारखा पसरतो, खालचा बर्फ लवकर जाड होत नाही आणि भेगाही दिसत नाहीत. गळ्यात आइस पिक्स (बर्फात रोवायचे टोकदार खिळे बसवलेल्या मुठी) अडकवा. बुडालात तर आलात त्याच दिशेला वळा, पिक्स रोवून पाय मारत बाहेर या आणि लोळत लांब जा. उभं राहू नका. किल स्विचची दोरी जॅकेटला लावायला विसरू नका, पडलात की गाडी तिथेच बंद होते.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. कोर्सला नाव घातलं. तळ्यावरून जायचं नाही हे ग्रुपवर टाकलं, तर शॉर्टकटवाला म्हणतो "मागच्या वर्षी गेलो होतो, काही झालं नाही". त्याने जावं, मी वळसा घालून येईन. आइस पिक्स कुठे मिळतील?

गारठलेला_कोल्हापूरकर:
तळ्याकाठी मासेमारीचं आमिष विकणारी दुकानं असतात तिथे. घेताना बर्फाचंही विचारा, त्या लोकांना तळ्याची खबर असते.